मी ज्यांच्या कोर्टात हरले

देशमानेबाई गेल्याची बातमी मला शाळेत कळली. श्रावणातला शनिवार होता, सकाळची शाळा सुटायच्या बेतात होती. बाईंच्या शेजारच्या डॉक्टरांकडे साताऱ्याहून ट्रंक कॉल आला होता आणि त्यांनी आपल्या कंपाउंडरला माझ्याकडे पाठवलं होतं. वर्गाच्या दारात उभा राहून तो नुसताच माझ्याकडे बघत राहिला. त्याने तोंड उघडण्याआधीच मी समजले. बाई मेअखेरीस साताऱ्याला पुतण्याकडे गेल्या होत्या, हृदयाच्या तपासण्या करून घ्यायला. मीच त्यांना एस.टी.त बसवून दिलं होतं. खिडकीतून त्या म्हणाल्या, "या गाडीची काच वर होत नाही हो, वाहकाला सांगा." मी सांगितलं. त्याने दोन धक्के दिले, काच काही हलली नाही आणि गाडी सुटली. आमचं शेवटचं बोलणं एवढंच… बातमी कळली त्या दिवशी घाटात दरड कोसळून रस्ता बंद होता, त्यामुळे अंत्यदर्शनालाही जाता आलं नाही. वर्तमानपत्रांत चार ओळी आल्या. जिल्हा न्यायाधीशपदापर्यंत पोहोचलेल्या मोजक्या स्त्रियांपैकी एक, करड्या शिस्तीच्या, निवृत्तीनंतर रत्नागिरीत स्थायिक झालेल्या मालतीबाई देशमाने. त्या ओळींत खोटं काही नव्हतं. पण या माणसाशी माझी ओळख ज्या रीतीने झाली ती कुठल्याच बातमीत बसणारी नव्हती. मी त्यांच्या कोर्टात हरलेली बाई. तिथून आमची सुरुवात झाली.

माझी थोरली ताई काविळीने गेली तेव्हा तिची वैजयंती अडीच वर्षांची होती. भावोजींची पोफळीच्या वीजघरात पाळीची नोकरी, राहायला अलोऱ्याच्या कॉलनीत क्वार्टर. एकटा पुरुष रात्रपाळीला जाताना एवढं मूल कुणाकडे ठेवणार? त्यांनी तिला आमच्याकडे पालीला आणून सोडलं. घरात आई आणि मी. थोडी कलमं, थोडी भातशेती आणि माझी गावातल्याच शाळेतली नोकरी. वैजू माझ्या कुशीत निजायला लागली, माझ्याच शाळेत यायला लागली, तिच्या प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून माझी सही होऊ लागली. मला आई म्हणायला मी तिला कधी शिकवलं नाही, पण मावशी हा शब्द ती ज्या सुरात म्हणायची त्यात मला काही कमी वाटत नव्हतं. राजापूरकडचं एक स्थळ चालून आलं होतं. मुलीला बरोबर आणायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मी नकार दिला आणि त्याची मला कधी चुटपुट लागली नाही. भावोजी आधी महिन्याला यायचे, मग सणासुदीला, मग तेही विरळ झालं. त्यांनी दुसरं लग्न केलं, मुलगा झाला. वैजू नऊ वर्षांची असताना एका सकाळी ते आले, खळ्यातल्या बाकावर बसले आणि चहाला हात न लावता म्हणाले, "सुलभा, माझं घर आता पुन्हा मांडलंय. माझी पोर मला द्या."

मी नाही म्हटलं. आईने मध्ये पडून पाहिलं, गावातल्या चार मोठ्या माणसांनी पाहिलं. शेवटी भावोजींनी कोर्टात अर्ज केला आणि ऐंशीच्या सुमारास आम्ही रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयात एकमेकांसमोर उभे राहिलो. न्यायाधीश बाई आहेत हे कळल्यावर मला देवच पावल्यासारखं वाटलं. बाईला बाईचं मन कळेल, हा माझा सगळा आधार. प्रत्यक्षात समोर बसलेल्या होत्या पांढरी साडी, काळा कोट, जाड काचांचा चष्मा आणि घट्ट अंबाडा घातलेल्या एक बुटक्या बाई. त्या हसत नव्हत्या आणि रागावतही नव्हत्या. आमच्या शेजारचे आबा साक्षीला उभे राहिले आणि कौतुकाने सांगायला लागले, "पोरगी दिवसभर खळ्यात असायची." बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. "एवढं लहान मूल दिवसभर मळणीच्या जागी? एकटं?" आबा गोंधळले. आमचे वकील हसत उठले. "मॅडम, आमच्याकडे अंगणाला खळं म्हणतात." कोर्टात खसखस पिकली. बाईंनी टंकलेखकाकडे वळून सांगितलं, "मग तसं खुलासेवार लिहा. मी देशावरची आहे. मला न कळलेला शब्द कुणाच्या विरुद्ध जायला नको." त्या वाक्याने माझी आशा आणखी वाढली. मग त्यांनी मला स्वतः प्रश्न विचारले.

"मुलगी वडिलांविषयी विचारते का?"

"विचारते."

"तुम्ही काय सांगता?"

"ते कामावर असतात, म्हणून सांगते."

"आणि त्यांच्या नव्या घराविषयी? धाकट्या भावाविषयी?"

"काहीच सांगत नाही," मी म्हटलं. खरं तेच सांगितलं. त्यांनी मान खाली घालून लिहून घेतलं.

मग त्या वैजूला चेंबरमध्ये घेऊन गेल्या. वकिलांनाही बाहेर ठेवलं, मला आणि भावोजींना व्हरांड्याच्या दोन टोकांना बसवलं. दार बंद झालं. आतून काही ऐकू येत नव्हतं. वैजू बाहेर आली ती सरळ माझ्याकडे आली, माझा हात धरला आणि म्हणाली, "मावशी, भूक लागली." मी तिला काही विचारलं नाही. तिने हात माझा धरला, यातच मला उत्तर मिळालं होतं. पुढची तारीख मात्र ऐनवेळी लांबली, न्यायाधीश रजेवर आहेत म्हणाले. पालीहून हेलपाटा पडला म्हणून मी चिडले होते. त्या रजेचं कारण मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

निकाल माझ्या विरुद्ध गेला. मावशीने मुलीचं संगोपन उत्तम केलं आहे आणि त्यात तसूभरही कसूर नाही, असं त्यात लिहिलं होतं. मुलीशी आपण चेंबरमध्ये बोललो, एवढंही लिहिलं होतं. काय बोललो, ते नव्हतं. मुलीचं हित पाहता तिचा ताबा वडिलांकडे द्यावा, मात्र चालू इयत्तेची परीक्षा पालीतच होऊ द्यावी आणि मे महिन्याची व गणपतीची सुट्टी तिने मावशीकडे काढावी… वकील म्हणाले, हायकोर्टात जाऊ. मी तयार होते. आईने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून विचारलं, "सुलभा, त्या पोरीचे किती वेळा तुकडे करून घेणार आहेस?" मी अपील केलं नाही. परीक्षा संपली तशी भावोजी येऊन वैजूला घेऊन गेले. ती रडली नाही. माझ्यासाठी रडू दाबून धरतेय पोर, असंच मी धरून चालले. आणि माझा सगळा संताप त्या जाड चष्म्याच्या बाईवर जाऊन बसला. भावोजींवर रागावणं जमलं नाही, कारण ते बाप होते, शिवाय ताईचं कुंकू त्यांच्या नावाचं होतं. पण या बाईला ना मूल ना संसार. हिला काय कळणार, असं मी वर्षानुवर्षं मनात म्हणत राहिले.

आई गेल्यावर मी पालीचं घर बंद केलं आणि रत्नागिरीतल्या मुलींच्या शाळेत नोकरी धरली. वैजू ठरल्याप्रमाणे सुट्टीत यायची, दर वेळी थोडी उंच झालेली, धाकट्या भावाचे किस्से सांगणारी. देशमानेबाई निवृत्त होऊन शहरातच राहिल्या आहेत हे मला माहीत होतं, बाजारात त्या दिसल्या की मी रस्ता बदलत असे. अशातच एके वर्षी मुख्याध्यापकांनी मुलींना कायद्याची ओळख करून देण्यासाठी त्यांना बोलावलं आणि पाहुण्यांची सरबराई माझ्याकडे दिली. मी दोन वाक्यांत ओळख करून दिली आणि खाली बसले. कार्यक्रम झाल्यावर चहाचा कप हातात घेत त्या म्हणाल्या, "तुम्ही पालीच्या. वैजयंती कशी आहे?"

इतक्या वर्षांत, इतक्या दाव्यांतून, त्यांना नाव आठवत होतं. मला त्याचं बरं वाटायला हवं होतं. पण माझ्या तोंडून निघालं, "अलोऱ्याला असते. तुम्हीच पाठवलीत."

"हो," त्या म्हणाल्या. चहा पूर्ण प्यायल्या आणि गेल्या.

त्यांच्या दारात जायची वेळ माझ्यावर आली ती यशोदेमुळे. यशोदा आमच्या शाळेत झाडलोट करायची, गाव संगमेश्वराकडचं. तिचा नवरा मुंबईला गिरणीत होता. गिरण्यांच्या संपात तो गावी आला नाही, पैसे पाठवणं थांबलं आणि मग भावकीतून निरोप आला की गावातलं घर सोड. ती रडत नव्हती, नुसती फरशी पुसत होती, एकच कोपरा पुन्हा पुन्हा. वकील मला एकही ओळखीचा नव्हता. कायद्याचं माणूस म्हणून माझ्या डोळ्यांपुढे एकच चेहरा यायचा. शेवटी मी तिला घेऊन गेले. बाईंनी आम्हाला ओटीवर बसवलं आणि यशोदेला म्हणाल्या, "पहिल्यापासून सांगा. घाई नाही." यशोदा सांगायला लागली, "माज्या घोवान थंय दुसरी केलीन, बाय…" बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, नवऱ्याने मुंबईत दुसरी बाई केली म्हणते. तासभर हे असं चाललं. यशोदेचं सांगून संपल्यावर बाईंनी विचारलं, "आता तुमच्या नवऱ्याला इथे बसवलं, तर तो काय म्हणेल?" मला रागच आला. इथेही आरोपीचीच बाजू! पण यशोदा विचार करून म्हणाली, "म्हनंल, म्हातारीच्या दवापान्याला मी पैसे पाटवलंय, हिनं घालवलान." आणि त्या एका वाक्यावरून बाईंनी पुढचं सगळं शोधून काढलं, की म्हातारी कुणाकडे असते, घर कुणाच्या नावावर आहे, मनीऑर्डर कोण सोडवून घेतं. अर्ज त्यांनी स्वतः लिहून दिला आणि एका तरुण वकिलाकडे पाठवलं. त्या स्वतः पुन्हा कोर्टाची पायरी चढत नसत. पूर्वी आपल्या हाताखाली असलेल्या न्यायाधीशांसमोर वकील म्हणून उभं राहणं त्यांना प्रशस्त वाटत नसे. यशोदेला पोटगी मिळाली आणि घरही राहिलं.

ते कळून दुसऱ्या आल्या, तिसऱ्या आल्या. गुरुवारची दुपार ठरून गेली. मी अर्ध्या दिवसाची शाळा आटोपून जायची आणि बाईंच्या आणि बायकांच्या मध्ये बसायची, कारण दापोलीची बोली वेगळी, राजापूरची वेगळी, आणि सातारच्या या बाईंना निम्मं कळत नसे. त्यांना आमचं 'केलीन', 'सांगितलान' फार आवडायचं. "एका अक्षरात कुणी केलं ते कळतं," म्हणायच्या. "माझ्या कोर्टात हे सगळ्यांनी बोलायला हवं होतं." यशोदेने त्यांना बांगडे साफ करायला शिकवायचा घाट घातला, तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी हातात सुरी धरून माशाकडे असं पाहिलं की जणू त्याचंही म्हणणं ऐकून घ्यायचं आहे. मी आणि यशोदा पोट धरून हसलो, मग त्याही हसल्या. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांना हसताना पाहिलं.

हळूहळू त्यांचं आयुष्य मला तुकड्यातुकड्याने कळत गेलं. वडील प्राथमिक शिक्षक. मुलीने शिक्षिका व्हावं एवढीच त्यांची उडी, पण हिने कोल्हापूरला राहून कायदा केला. वकिली काही वर्षं, मग न्यायाधीशाची नेमणूक. दर तीन वर्षांनी नवं गाव, नवं क्वार्टर, बरोबर फक्त आई. लग्नाचं विचारलं तर म्हणायच्या, "बघायला आलेले लोक बदलीचं ऐकून उठायचे. मग मीच बसायचं सोडलं." कुणाकडे जेवायला जायचं नाही, कुणाच्या घरच्या हळदीकुंकवाला नाही, आंब्याची पेटी दारातून परत. शेजारणींशी हसून बोलायचं पण उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही. कुणाचा दिवाणी दावा कधी समोर येईल सांगता येत नसे. "मला त्याचं काही वाटलं नाही," त्या म्हणाल्या, "पण आईला माणसांची सवय. ती दिवसभर खिडकीत बसून रस्त्यावरच्या माणसांशी मनात बोलायची." त्या आई रत्नागिरीतच गेल्या. साताऱ्याहून नातेवाईक पोहोचायला दुसरा दिवस उजाडणार होता. आणि ज्या शेजारणींना दोन वर्षं उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं त्या सगळ्या न बोलावता आल्या. कुणी पाणी तापवलं, कुणी आईंना साडी नेसवली, कुणी बाईंच्या जवळ नुसतं बसून राहिलं. "एकीचंही नाव मला माहीत नव्हतं. म्हणून निवृत्त झाल्यावर इथेच राहिले. आधी सगळ्यांची नावं पाठ केली." माझी जी तारीख लांबली होती, ती या रजेपायी. मी तेव्हा कोर्टाच्या पायऱ्यांवर त्यांना बोल लावत होते आणि त्या वेळी त्यांच्या घरात… असो.

इतकी जवळीक झाल्यावर एका गुरुवारी, बायका गेल्यावर, मला राहवलं नाही. मी सरळ विचारलं, "बाई, माझा निकाल तुम्ही तसा का दिलात?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "निकालात लिहिलंय त्यापलीकडे मला बोलता यायचं नाही, सुलभाताई."

"आता कुठे तुम्ही न्यायाधीश आहात?"

"तरीही."

मी उठून आले. पुढचे दोन गुरुवार गेले नाही. तिसऱ्या गुरुवारी मी शाळेतून घरी आले तर त्या माझ्या दारात उभ्या. ऊन चढलेलं, चढण चढून धाप लागलेली. त्यांनी खुलासा केला नाही, समजूतही काढली नाही. म्हणाल्या, "आज लांज्याची ती सासू येणार आहे. तुम्ही नसलात तर तिचं बोलणं मला कळणार नाही आणि मी काहीतरी चुकीचं सांगून बसेन." मी त्यांना पाणी दिलं, साडी बदलली आणि त्यांच्याबरोबर गेले. तो विषय पुन्हा आमच्यात निघाला नाही. राग होता की नव्हता, हे मलाही सांगता आलं नसतं. पायातल्या जुन्या काट्यासारखा होता, चालताना बहुतेक वेळा जाणवायचा नाही.

बाई गेल्याचं मी वैजूला पत्राने कळवलं. पोर आता बारावीला आहे, चिपळूणला कॉलेजात जाते. पुढच्याच रविवारी ती आली. मला वाटलं माझ्यासाठी आली असेल. जेवणं झाली, मी फणसाच्या आठळ्या सोलत बसले होते. ती समोर येऊन बसली आणि म्हणाली, "मावशी, तुला एक सांगायचं होतं. त्या होत्या तोवर मला धीर झाला नाही. वाटायचं, तू जाऊन त्यांना विचारशील."

मी वर पाहिलं.

"चेंबरमध्ये त्यांनी मला विचारलं होतं, तुला कुठे राहायचंय. मी म्हटलं, बाबांकडे." तिने समोरची एक आठळी उचलली. "बाबा एकदा तू रजेवर असताना शाळेत भेटायला आले होते, तेव्हा बाळाचा फोटो दाखवला होता त्यांनी. मला भाऊ आहे हे तोवर मला माहीतच नव्हतं. मला त्याला बघायचं होतं गं. तू वाईट होतीस म्हणून नाही…"

माझे हात आठळ्यांत तसेच राहिले.

"आणि मी त्यांना म्हटलं, मावशीला हे सांगू नका, तिला फार वाईट वाटेल. त्या म्हणाल्या, नाही सांगणार. मी म्हटलं, तशी नको, कोर्टात घेतात तशी शपथ घ्या. मग त्या खुर्चीतून उठल्या, हात वर केला आणि घेतली."

मला वाईट वाटलं, अगदी तिने नऊ वर्षांची असताना ओळखलं होतं तसंच आणि तेवढंच. तेव्हा हे कळलं असतं तर मी काय केलं असतं कुणास ठाऊक. वैजूपुढे हसून उभी राहिले नसते हे नक्की. मग ती सुट्टीत येतानाही बिचकली असती, कदाचित यायचीच बंद झाली असती. बाईंनी तेवढं एक वाक्य निकालात लिहिलं असतं तर माझा राग त्यांच्या वाट्याला आलाच नसता. लिहायला कायद्याची आडकाठी नव्हती. त्यानंतर कितीतरी दुपारी आम्ही शेजारी शेजारी बसलो, मी तोंडावर विचारलं, उठून निघून आले, तरी त्यांनी एका चौथीतल्या मुलीला दिलेला शब्द मोडला नाही. बाईला बाईचं मन कळेल, असं मी तेव्हा धरून चालले होते, ते माझ्या मनाबद्दल. त्या खोलीत आणखी एक मन होतं, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. मी वैजूला जवळ घेतलं. ती आता माझ्याहून उंच आहे, तिला वाकावं लागलं.

बाईंच्या घराची किल्ली पुतण्याने माझ्याकडेच राहू दिली होती, सामान हलवायला तो दिवाळीनंतर येणार आहे. कॉलेजला सुट्टी होती म्हणून वैजू आठवडाभर राहिली. गुरुवारी दुपारी आम्ही दोघी तिकडे गेलो. पावसाळ्यात बंद राहिलेल्या घराचा तो कुबट वास. वैजूने खिडक्या उघडल्या, मी कपाटातला काळा कोट बाहेर काढला. त्यावर पांढरा बुरा आला होता. ओटीवर उजेडाला धरून तो झटकत असताना फाटकाचा आवाज झाला. एक बाई आत आली, कडेवर मूल, पदराने तोंड पुसत. दार उघडं दिसलं म्हणून ती आली होती. देवरुखच्या पुढून, दोन गाड्या बदलून ती इथवर पोहोचली होती.

"बाय हायत ना?" तिने विचारलं.

मी सांगितलं. तिला बातमी लागलीच नव्हती. ती पायरीवर बसली आणि मुलाला मांडीवर घेतलं. परतीची गाडी संध्याकाळची होती. आम्ही तिला पाणी दिलं, मुलाला बिस्किट दिलं. थोड्या वेळाने तिने कुणी न विचारताच बोलायला सुरुवात केली, सासऱ्याच्या आजारपणापासून. कायदा आम्हां दोघींनाही येत नव्हता. वैजू मधे काही विचारायला गेली, मी तिच्या हातावर हात ठेवला. तो कोट मांडीवर घेऊन मी ऐकत बसले, तिचं सगळं सांगून होईपर्यंत.